आमची वाटचाल: शेड बंद केलं तेव्हा धंदा लागला

जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला वडिलांचं कापूस भरायचं पत्र्याचं शेड होतं. त्यांनी कापसाचा व्यवहार थांबवला आणि ते रिकामं पडलं, तेव्हा मी आणि धाकट्या भावानं तिथे कुत्र्यांना शिकवायचं काम सुरू केलं. "लोकं पोरांच्या शिकवणीचे पैसे बुडवतात, कुत्र्यांचे कोण देईल?" म्हणत वडिलांनी किल्ली दिली.

कुत्रं एकवीस दिवस आमच्याकडे ठेवायचं आणि शिकवून परत द्यायचं, असा हिशोब होता. भाऊ पुण्यात एका ट्रेनरच्या हाताखाली राहून आलेला. येताना त्यानं चोक चेनही, म्हणजे ओढली की गळ्याला आवळणारी साखळी, आणली होती. झटका बसला की कुत्रं थांबायचं, हे खरं. पण एक डॉबरमन पुढे पुढे माझा हात दिसला तरी मान चोरायला लागला. त्या दिवशी चेन खिळ्याला लटकवली, ती परत काढली नाही.

खरा दणका चोपड्याच्या लॅब्राडोरनं दिला. शेडमध्ये तो हुशार. बस म्हटलं की बसायचा, थांब म्हटलं की दगडासारखा. घरी जाऊन आठ दिवस झाले नाहीत तोच फोन: "भाऊ, याले तं काहीच येत नाही. पैसे घेतले ना तुम्ही?"

तापीचा पूल ओलांडून दोघं गेलो. मोठं घर, पुढे ओटा, माणसं आठ. फाटक वाजलं की लॅब येणाऱ्याच्या छातीवर. मुलगा ओरडायचा "सिट", वहिनी "खाली हो", लहानी "नो नो नो", आणि ओट्यावरून आजोबा "बठ रे". वर सगळे हसत त्याला हातानं ढकलायचे. कुत्र्याच्या लेखी तो खेळच. मी "बस" म्हटलं तर लगेच बसला, म्हणजे विसरला नव्हता. कुत्रं शब्द एकटा शिकत नाही. जागा, माणूस, आवाज सगळं मिळून शिकतं. आम्ही शेडमध्ये, आमच्या तोंडानं शिकवलं होतं. ते घरी आपोआप येणार कुठून?

मग ओट्यावरच बसलो. आजोबा शब्द बदलणार नाहीत हे पाच मिनिटांत कळलं, म्हणून उरलेल्या सातांनी बदलला. सगळ्यांनी "बठ" म्हणायचं. घर शाकाहारी, तर पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे केले. तुकडा नाकाजवळ धरून हळूच डोक्यावरून मागे न्यायचा. मान वर जाते, बूड खाली येतं. टेकलं की त्याच क्षणी द्यायचा. उशीर झाला तर तोवर ते उठतं आणि बक्षीस उठण्याला मिळतं. उडी मारली तर पाठ फिरवायची, हात नाही, शब्द नाही. चारही पाय जमिनीवर आले की मग लाड. आजोबांना पाठ फिरवणं जमेना, त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. लॅबनं दोनदा पेपरवर नाक आपटलं, तिसऱ्यांदा समोर बसून राहिला. तेव्हा पेपर खाली आला.

अर्धे पैसे परत केले. त्या दिवाळीनंतर शेड भाड्यानं दिलं आणि मोटारसायकलवर घरोघरी जायला लागलो. अट एकच: पहिल्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस हजर पाहिजे. "तुम्ही घेऊन जा आन् शिकवून आणा" म्हणणारी गिऱ्हाइकं गेली. केळीच्या मळ्यावर बांधायला "कडक" कुत्रं करून मागणाऱ्यांना आम्हीच नाही म्हणतो. रात्रंदिवस साखळीला असलेलं कुत्रं कडक नसतं, घाबरलेलं असतं.

एप्रिल-मे-जूनला धडे सकाळी सातच्या आत. आमच्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. डांबरावर उलटा हात सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही नाही. पग असेल तर दुप्पट जपतो, चपट्या नाकानं त्याला नीट धापाही टाकता येत नाही.

तक्रार एकच आहे, "थोडी समज येऊ द्या" म्हणत लोक पिल्लू सहा महिन्यांचं करून फोन करतात. माणसं, आवाज, वाहनं यांची भीती मोडायचा सगळ्यात चांगला काळ तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा. लसी पूर्ण नसतील तर जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन पिठाची गिरणी दाखवा, बसस्टँड दाखवा. आणि घरात शू केली म्हणून नाक घासू नका. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की बाहेर न्या, तिथे केली की शाबासकी द्या. बाकी फडकं आणि धीर.

आता आमच्याकडे एक वही असते. कुठल्या घरी कुठला शब्द, ते त्यात लिहिलेलं. परवा भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये वही न बघताच मी "बठ" म्हणालो. कुत्रं माझ्याकडे बघत उभंच. आतून शाळेचा ड्रेस घातलेली पोरगी आली, "बैठ" म्हणाली, ते बसलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, तुमचा होमवर्क झाला नाही वाटतं."