कळपांच्या वाटेवर बदललेला बेत

टांझानियातील अरुशा शहरात राहून सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या सफारींचे नियोजन करणे हे माझे काम आहे. एका फेब्रुवारीत मी ज्या कुटुंबासोबत स्वतः गेले, त्यातील काकूंनी पहिल्याच बोलण्यात मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांचे) कळप पाहायचे असल्याचे सांगितले होते. सवड मात्र त्यांना फेब्रुवारीतच मिळणार होती. या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. नदीवरचे ते दृश्य साधारणपणे जुलै ते ऑक्टोबर या काळात टांझानियाच्या उत्तर टोकाला कोगाटेंडेच्या आसपास आणि सीमेपलीकडे केनियातील मसाई मारात दिसते, आणि तेव्हासुद्धा काठावर तासन्‌तास ताटकळलेला कळप ऐन वेळी माघारी फिरू शकतो.

पण या कळपांचे स्थलांतर म्हणजे काही ठरलेल्या तारखेचा सोहळा नव्हे. सुमारे १३ लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्या सोबतीने चालणारे लाखो झेब्रे व गॅझेल (लहान हरणे) पावसाच्या आणि कोवळ्या गवताच्या मागे बारा महिने फिरत असतात. त्यामुळे स्थलांतर कधी असते, असे कोणी विचारले की मी उलट विचारते, की तुम्ही कधी येऊ शकता आणि एका जागी किती दिवस थांबायची तुमची तयारी आहे. फेब्रुवारी असेल तर उत्तर एकच, सेरेंगेटीच्या दक्षिणेची उघडी मैदाने. न्गोरोंगोरोच्या डोंगराळ भागातील ज्वालामुखींची राख शतकानुशतके तिथे साचत आली आहे. त्या राखेखालच्या कठीण थरामुळे झाडांची मुळे खोल जात नाहीत, म्हणून मैदान मोकळे राहते. आणि तिथले आखूड गवत कॅल्शियम व फॉस्फरसने समृद्ध असल्यामुळे दूध पाजणाऱ्या माद्यांना ते मानवते. वर्षातील बहुतेक पिल्ले इथेच, जेमतेम तीन आठवड्यांच्या अवधीत जन्मतात. इतकी पिल्ले एकाच वेळी जन्माला आली की तरस आणि सिंह कितीही टपून बसले तरी बहुतेकांचा पहिला आठवडा सुखरूप पार पडतो. हे सारे ऐकून काकूंनी नदीचा हट्ट सोडला, आणि मी त्यांचे सगळे मुक्काम त्याच मैदानांतील न्दुतूच्या एकाच तंबूतळावर ठरवले.

तिसऱ्या संध्याकाळी आमच्या चालक-मार्गदर्शकांनी जी बातमी आणली ती मनाविरुद्धची होती. पावसाने ओढ दिली होती, मैदानातली डबकी आटली होती, आणि रेडिओवर इतर चालकांकडून जे कळत होते त्यावरून मोठे कळप वायव्येकडे, मोरू टेकाडांच्या दिशेने सरकले होते. मैदानात कायमचे गोडे पाणी नाही आणि न्दुतू तलावाचे पाणी खारे, त्यामुळे पाऊस थांबला की कळपांनी तिथे का राहावे?

काकांनी लगेच विचारले, “ताई, मग तळच तिकडे हलवू या का?” त्यांचा प्रश्न रास्त होता, पण मी नको म्हटले. पूर्वेला ढग जमत होते, आणि एक चांगली सर आली की हेच कळप एकदोन दिवसांत परततात. तळ हलवला असता तर आम्ही त्यांच्या उलट दिशेला जाऊन बसलो असतो. त्याऐवजी पहाटे निघून दिवसभर तिकडे फिरायचे आणि रात्री परतायचे ठरले. मात्र न्दुतू हा भाग न्गोरोंगोरो संरक्षण क्षेत्रात येतो आणि मोरू सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात. दोन्हींचा कारभार वेगळा, प्रवेशशुल्क वेगळे आणि परवानेही वेगळे. सेरेंगेटीतील एका दिवसाच्या शुल्काची तरतूद मी नियोजनातच करून ठेवते, कारण जनावरांना ही हद्द ठाऊक नसते. स्वस्त बेत करताना लोक नेमकी हीच रक्कम वगळतात, आणि मग कळप हद्दीपलीकडे गेले की हळहळत बसतात.

सेरेंगेटीच्या नाबी हिल प्रवेशद्वारातून आम्ही सकाळी लवकर आत शिरलो, आणि सिंबा टेकाडांच्या अलीकडेच कळप भेटले. क्षितिजापर्यंत करड्या पाठी, मध्येच झेब्र्यांचे पट्टे, आणि सगळीकडून येणारा तो घुमणारा, अखंड हुंकार. रस्त्यापासून जवळच एक मादी सारखी बसत आणि उठत होती. मार्गदर्शकांनी इंजिन बंद केले. थोड्या वेळाने आधी पुढचे दोन खूर दिसले, मग डोके, आणि पिल्लू ओल्या गवतावर घसरले. आई त्याला चाटत असताना त्याने उठायचा प्रयत्न केला, मागचे पाय फाकले, तोंडघशी पडले, पुन्हा उठले. काही मिनिटांतच ते डळमळत का होईना, चारही पायांवर उभे होते. काकूंनी दुर्बीण खाली ठेवली होती. इतक्या जवळून तिची गरजच नव्हती.

तेवढ्यात दुसऱ्या कुठल्याशा प्रवाशांची गाडी रस्ता सोडून थेट आत आली. सेरेंगेटीत रस्ता सोडून गाडी नेण्यास मनाई आहे, आणि ही गाडी तर आई आणि पिल्लू यांच्या मधोमध आली. बिचकून आई मागे हटली. नवजात पिल्लाला पहिल्या काही तासांत आईची ओळख पुरती पटलेली नसते. समोर जे हलेल त्याच्या मागे ते जाते. गाडी पुढे सरकली आणि पिल्लू लटपटत्या पायांनी तिच्या मागे चालू लागले. आतले प्रवासी कौतुकाने छायाचित्रे काढत होते. मला त्या क्षणी आलेला संताप मी आजही विसरलेले नाही, कारण आईपासून तुटलेले पिल्लू कळपात दुसरी कोणतीही मादी स्वीकारत नाही आणि ते तरसांच्या तोंडी जाते.

आमच्या मार्गदर्शकांनी रेडिओवरून त्या चालकाशी स्वाहिलीत मोजकेच पण कडक शब्दांत बोलणे केले. गाडी थांबली, इंजिन बंद झाले. पिल्लू चाकापाशी घोटाळत उभे राहिले. आई लांबून हुंकारत होती, दोन पावले पुढे येत होती आणि पुन्हा मागे जात होती. आमच्यापैकी कोणीही बोलत नव्हते. बराच वेळ गेल्यावर ती धाडस करून गाडीला वळसा घालून आली, पिल्लाला हुंगले आणि वळली. या खेपेस पिल्लू तिच्या मागे गेले आणि दोघेही कळपात मिसळली.

परतीच्या वाटेवर पूर्वेच्या मैदानावर पाऊस कोसळताना दिसला. काकांना दुसऱ्या दिवशी बिबट्यासाठी सेरेंगेटीच्या मध्यभागातील सेरोनेराकडे जायचे होते, काकूंना कळपांजवळच थांबायचे होते. मी मार्गदर्शकांना विचारले. त्यांनी ढगांकडे पाहिले आणि उद्या न्दुतू सोडू नये, असे सांगितले. रात्री मी अरुशातील कार्यालयाला निरोप पाठवला, की जानेवारी ते मार्च या काळातील प्रत्येक सफारीच्या लेखी सूचनांमध्ये नवजात पिल्लाजवळ इंजिन बंद ठेवणे आणि आई-पिल्लाच्या मध्ये कधीही गाडी न नेणे या दोन गोष्टी सर्वांत वर असाव्यात, आणि प्रवाशांनाही त्या निघण्यापूर्वी वाचून दाखवाव्यात.