हुकूम पोचतो, उत्तर पोचत नाही

एका कार्यालयाचा एक मजला, एकच डाली लाइन, म्हणजे दिव्यांना डिजिटल हुकूम देणारी दोन तारांची जोडणी. लाइनवर ५२ एलईडी फिटिंग, ६ सेन्सर आणि भिंतीवरची बटणं लाइनला जोडणारे २ कपलर. बटण दाबलं की सगळे दिवे एकदम मंद होत, एकदम उजळत. तिथे कसलीच कुरकुर नव्हती. पण प्रत्येक दिव्याला पत्ता, म्हणजे त्याचा नंबर, द्यायला सॉफ्टवेअर चालवलं की कधी ४१ दिवे सापडत, कधी ४७, कधी ३९. सापडलेल्यांतही काही जोड्या अशा, की एकाला मंद केलं की मजल्याच्या दुसऱ्या टोकाचा आणखी एक सोबत मंद होई. मी पोचायच्या आधी तीन ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे, हुकूम ऐकणारे डबे) बदलून झाले होते. आकडा हलायचा तो हलतच होता.

ही लक्षणं ऐकूनच शोधाची जागा बरीच आक्रसते. सगळे दिवे हुकूम पाळतात, म्हणजे कंट्रोलरकडून दिव्याकडे जाणारा निरोप ठीक आहे. मोजणी चुकते, म्हणजे उलट दिशेने येणारं उत्तर वाटेत बिघडतंय. ड्रायव्हर बदलण्याआधी एवढं लक्षात घेतलं असतं तर तीन डबे वाचले असते.

उत्तर का बिघडतं हे कळायला डालीच्या दोन तारांवर काय चालतं ते पाहावं लागतं. आयईसी ६२३८६ या मानकानुसार बस, म्हणजे ही दोन तारांची लाइन, स्वस्थ असताना तारांमध्ये साधारण १६ व्होल्ट डीसी असतं. बोलणारा कोणीही असो, कंट्रोलर वा ड्रायव्हर, तो बोलतो ते या दोन तारा क्षणभर शॉर्ट करून. शॉर्ट केली की बस खाली, सोडली की वर. वेग सेकंदाला १२०० बिट, म्हणजे एक बिट ८३३ मायक्रोसेकंदांचा. ऐकणाऱ्याच्या टर्मिनलवर ९.५ व्होल्टच्या वर असेल तर 'वर', ६.५ च्या खाली असेल तर 'खाली'. मधली पट्टी बेवारस. तिथे एखादा रिसीव्हर हो म्हणेल, दुसरा नाही म्हणेल, आणि तोच रिसीव्हर गरम झाल्यावर मत बदलेल.

बस शॉर्ट करायची तर तिला व्होल्टेज देणाऱ्या सप्लायचा करंट मर्यादित हवा. म्हणूनच डालीचा सप्लाय साधा एसएमपीएस (नेहमीचा स्विचिंग पॉवर सप्लाय) नसतो आणि एका लाइनवरच्या सगळ्या सप्लायचा मिळून कमाल करंट २५० मिलिअँपिअरच्या वर जाऊ द्यायचा नसतो. प्रत्येक ड्रायव्हरचं बोलणारं ट्रान्झिस्टर तेवढाच करंट खाली ओढण्याच्या हिशेबाने बसवलेलं असतं.

पॅनेल उघडलं तर आत दोन सप्लाय. एक कंट्रोलरच्या पोटातला, कमाल २४० मिलिअँपिअरचा. दुसरा डीआयएन रेलवर, म्हणजे पॅनेलमधल्या उपकरणं अडकवायच्या पट्टीवर, नंतर बसवलेला, कमाल २०० चा. दोन्ही एकाच बसवर समांतर.

"सर, मीटरवर बारा-तेराच व्होल्ट दिसत होते. सप्लाय कमी पडतोय म्हणून दुसरा टाकला," तिथला इलेक्ट्रिशियन म्हणाला. "आता किती दाखवतो?" "तेवढंच. कधी चौदा."

मीटर खोटं बोलत नव्हता, पण बसवर निरोपांची वर्दळ चालू असताना मल्टिमीटर सरासरी दाखवतो. निरोप चालू असतो तेव्हा बस साधारण अर्धा वेळ खाली असते. हा कंट्रोलर दर थोड्या वेळाने प्रत्येक दिव्याची विचारपूस करणाऱ्यांपैकी होता, त्यामुळे सरासरी उतरलेली होती. कंट्रोलरची विचारपूस सॉफ्टवेअरमधून थांबवली आणि मीटर लावला: १७ व्होल्टला थोडं कमी, अगदी स्थिर. सप्लाय कधीच कमी पडत नव्हता. हिशेबही तेच सांगतो. ड्रायव्हर एकेकी जास्तीत जास्त २ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे ५२ चे १०४. सेन्सर आणि कपलर त्यांच्या डेटाशीटप्रमाणे प्रत्येकी ६, म्हणजे ८ नगांचे ४८. एकूण १५२. डाली-२ या नव्या आवृत्तीच्या सप्लायवर दोन आकडे असतात, खात्रीचा करंट आणि कमाल करंट. भार मोजताना खात्रीचा आकडा घ्यायचा, २५० ची मर्यादा तपासताना कमालचा. इथे रेलवरच्या सप्लायचा खात्रीचा आकडा १८० होता. तो एकटा पुरेसा होता. कंट्रोलरच्या पोटात आधीच एक आहे हे बहुधा कोणी वाचलंच नव्हतं.

पण नुसत्या दोन सप्लायने एवढा घोळ होत नाही. जवळचे ड्रायव्हर ४४० मिलिअँपिअरही बरेचदा खाली ओढून दाखवतात, त्यांच्या आयुष्याला ते चांगलं नसलं तरी. म्हणून व्होल्टेजचा आलेख दाखवणारा स्कोप (ऑसिलोस्कोप) लावला. इथे सावधगिरीची गोष्ट: डालीची बस सुरक्षित लो-व्होल्टेज सर्किट मानली जात नाही. तिचं इन्सुलेशन मुख्य पुरवठ्यापासून फक्त बेसिक दर्जाचं असतं. म्हणून तर ती पाच कोरच्या केबलमध्ये फेज-न्यूट्रलच्या शेजारून नेता येते. अर्थिंग केलेला स्कोप आणि साधा प्रोब तिथे लावू नये. बॅटरीवरचा स्कोप किंवा डिफरन्शिअल प्रोब घ्यावा.

स्कोपवर ५ व्होल्ट आणि ५ मिलिसेकंद प्रति घर, ट्रिगर उतरत्या कडेवर ८ व्होल्टला. मग एका ओळखीच्या पत्त्याला 'आहेस का?' हा प्रश्न पाठवायचा. पडद्यावर आधी लांब निरोप दिसतो, १६ बिटांचा, सुमारे १६ मिलिसेकंदांचा. मग काही मिलिसेकंदांची मोकळी जागा, आणि मग ८ बिटांचं छोटं उत्तर, साधारण ९ मिलिसेकंदांचं. पॅनेलजवळच्या दिव्याला विचारलं तेव्हा दोन्ही निरोप तळाला दीडेक व्होल्टपर्यंत उतरत होते. मग लाइनच्या शेवटच्या दिव्याला विचारलं. लांब निरोप तसाच तळाला. छोटं उत्तर मात्र अधांतरी, ६.८ ते ७ व्होल्टवर लोंबकळणारं. कडा कोऱ्या, वेळ बरोबर, ड्रायव्हर आपलं काम चोख करत होता. फक्त तो तिकडे तारा शॉर्ट करत होता आणि इकडे बस पुरती खाली येत नव्हती.

मधला दोष केबलचा. बसचा सप्लाय बंद केला, दोन्ही तारा पॅनेलच्या टर्मिनलवरून सोडवल्या, शेवटच्या दिव्याच्या डाली टर्मिनलवर दोन्ही तारा एकत्र जोडल्या आणि पॅनेलकडून ओहम मोजले: १३. ही मोजणी मल्टिमीटरनेच करायची. ड्रायव्हर जोडलेले असताना मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावला तर ५०० व्होल्टने त्यांचे डाली इनपुट जाऊ शकतात. १३ ओहम म्हणजे काय ते केबल पाहिल्यावर कळलं: 'कंट्रोलचाच तर सिग्नल आहे' म्हणून ०.५ चौरस मिलिमीटरची केबल टाकलेली, आणि शेवटचं टोक १९० मीटरवर. तांब्याचा हिशेब घातला तर एका तारेचा मीटरला ०.०३४४ ओहम, जाऊन-येऊन ३८० मीटरचे १३ ओहम. मोजमाप आणि गणित जुळलं.

४४० मिलिअँपिअर गुणिले १३ म्हणजे ५.७ व्होल्ट नुसते तारेत. त्यात ड्रायव्हरच्या ट्रान्झिस्टरचा एक-सव्वा व्होल्ट धरला की बेवारस पट्टीतले ते ७ व्होल्ट. हुकूम मात्र बिनबोभाट पोचतो, कारण शॉर्ट करणारा कंट्रोलर सप्लायच्या शेजारीच असतो. लांबच्या तारेतून त्या वेळी जवळजवळ करंटच वाहत नाही, मग तिथे व्होल्टेज पडणार कुठून? दुसरा सप्लाय काढला तरी गोष्ट पूर्ण सुटत नव्हती. ०.५ च्या केबलला १०० मीटर, ०.७५ ला १५० आणि १.५ ला ३०० मीटर, हे ठोकताळे तारेत २ व्होल्टपेक्षा जास्त पडू नयेत म्हणून आहेत.

आता ४१, ४७, ३९ चं कोडं. पत्ते देताना कंट्रोलर आधी सगळ्यांना 'सुरुवात करा' असा हुकूम १०० मिलिसेकंदांच्या आत दोनदा पाठवतो. त्यानंतर १५ मिनिटं दिवे पत्ता घ्यायला तयार असतात. मग प्रत्येक ड्रायव्हर स्वतःशी २४ बिटांचा एक यादृच्छिक आकडा काढतो. कंट्रोलर एक आकडा पुकारतो: ज्याचा आकडा याच्याइतका किंवा कमी आहे त्याने हो म्हणा. हो आलं की पट्टा अर्धा करत सर्वांत लहान आकड्यापर्यंत पोचायचं, त्या दिव्याला ० ते ६३ मधला पत्ता द्यायचा, त्याला शोधातून बाजूला करायचं, पुढचा शोधायचा. अनेकांनी एकदम हो म्हटलं आणि उत्तर विस्कटलं तरी चालतं. आवाज आला म्हणजे हो. शोधाच्या सुरुवातीला जवळचे आणि लांबचे सगळे मिळून तारा खाली खेचतात, त्यामुळे 'हो' खणखणीत येतो. पट्टा अरुंद होत एकटा लांबचा दिवा उरला की त्याचं ७ व्होल्टचं उत्तर कंट्रोलरला कधी ऐकू येतं, कधी नाही. नाही आलं की कंट्रोलर वरच्या आकड्यांकडे सरकतो आणि तो दिवा मागे राहतो.

जोड्यांची गोष्ट दुसऱ्या फेरीतली. 'फक्त नवीन दिवे शोधा' हा पर्याय निवडला की कंट्रोलर आधी कोणते पत्ते व्यापलेले आहेत ते विचारतो. १२ नंबरच्या लांबच्या दिव्याचं उत्तर ऐकू आलं नाही, म्हणजे १२ रिकामा. तो दुसऱ्याला दिला. झाली जोडी. पुढे १२ ला काहीही विचारलं की दोन दिवे वेगवेगळी उत्तरं एकाच वेळी देतात, उत्तराचा चिखल होतो, आणि सॉफ्टवेअर तिथे खुशाल 'दिवा खराब' असं लाल अक्षरांत लिहितं. बदललेले तीन ड्रायव्हर त्या लाल अक्षरांचे बळी.

दुरुस्ती अशी झाली. कंट्रोलरच्या पोटातला सप्लाय सेटिंगमधून बंद केला, रेलवरचा २०० चा ठेवला. केबलचे पहिले ११० मीटर उघड्या ट्रेमधून गेले होते, तेवढे १.५ चौरस मिलिमीटरचे टाकले. छताच्या आतले उरलेले ८० मीटर तसेच राहू दिले. जाऊन-येऊन तारांचा रोध ८ ओहमवर आला, ०.२ अँपिअरला १.६ व्होल्ट, २ च्या आत. शेवटच्या दिव्याचं उत्तर पॅनेलवर पावणेतीन व्होल्टपर्यंत उतरायला लागलं. लाइनची दोन टोकं जोडून रिंग करण्याची सूचनाही आली होती. डालीत सरळ ओळ, फांद्या, स्टार अशा सगळ्या रचना चालतात, पण रिंग करू नये.

पत्ते मात्र आपोआप सुधारत नाहीत. जुळे शोधायचा सोपा मार्ग: सगळ्यांना किमान पातळीवर न्यायचं आणि एकेका पत्त्याला कमालवर. एका पत्त्याला दोन फिटिंग उजळली की जोडी सापडली. त्या पत्त्याला डीटीआर-० मध्ये (हुकुमासोबतचा आकडा ठेवायची ड्रायव्हरमधली जागा) २५५ घालून 'पत्ता बदल' हा हुकूम दोनदा दिला की दोघांचेही पत्ते पुसले जातात. मग फक्त बिनपत्त्याच्यांसाठी शोध चालवायचा. ५२ च्या ५२ सापडले.

बदललेल्या तीन ड्रायव्हरनी मात्र एक वेगळीच गंमत मागे ठेवली. एकाच ओळीत, एकाच ग्रुपमध्ये, पातळी १७० ला बाकीचे दिवे मंद आणि हे तीन भगभगीत. डालीची पातळी ० ते २५४ असते आणि मूळ वक्र लॉगॅरिदमिक: २५४ ला १०० टक्के, २२९ ला ५०, १७० ला १०, ८५ ला १, आणि १ ला ०.१ टक्का. डोळ्यांना पायऱ्या सारख्या वाटाव्यात म्हणून तो तसा आहे. 'मी ५० टक्के म्हटलं तर अंधारच पडतो' या नेहमीच्या तक्रारीचं मूळही इथेच. सॉफ्टवेअरने स्लायडरचे ५० थेट १२७ ला नेऊन जोडलेले असतात आणि १२७ म्हणजे जेमतेम ३ टक्के. एलईडी ड्रायव्हरना मात्र सरळ रेषेचा वक्रही निवडता येतो, आणि नवे तीन तसे लावून आले होते. त्यांच्या लेखी १७० म्हणजे ६७ टक्के. डीटीआर-० मध्ये ०, मग 'प्रकार ६ साठी' (म्हणजे एलईडी ड्रायव्हरसाठी) असा इशारा, आणि त्याच्या मागोमाग वक्र निवडण्याचा हुकूम दोनदा. तिन्ही ओळीत आले.

एक तक्रार उरली होती: रात्री कधीकधी अख्खा मजला आपोआप पूर्ण उजळतो. हा बिघाड नव्हे. बसचं व्होल्टेज अर्ध्या सेकंदाहून जास्त गेलं की ड्रायव्हर 'सिस्टम फेल्युअर' पातळीवर जातात, आणि कारखान्यातून ती २५४ येते, जेणेकरून नियंत्रण गेलं तरी माणसं अंधारात राहू नयेत. इथे कंट्रोलरचा एमसीबी वेगळा होता आणि रात्री कोणीतरी तो पाडत होतं. रेलवरचा सप्लायही त्याच एमसीबीवर, त्यामुळे त्याच्या बरोबर बसही मरे. दुसरा सप्लाय बसवताना आधी उलट ध्रुवतेने जोडला गेला तेव्हाही मजला असाच लखलखला होता. ड्रायव्हरना ध्रुवता चालते कशीही, सप्लायना नाही. जिने आणि बाहेर पडायच्या वाटांवरची २५४ तशीच ठेवली. बाकीच्या फिटिंगना २५५ दिलं, म्हणजे बस गेली तरी आहे त्या पातळीवर थांबा. आणि सप्लायचा एमसीबी दिव्यांच्याच डिस्ट्रिब्युशन बोर्डवर हलवून त्यावर लेबल लावलं.