तळी उचलताना

परवा एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या काकांनी विचारलंच. आधी नेहमीचं झालं, गाव कुठलं, मुलीकडचे की मुलाकडचे, काय करता. ‘धर्माचा अभ्यास शिकवतो,’ म्हटल्यावर त्यांचा जिलबीचा हात मध्येच थांबला. ‘म्हणजे कीर्तन वगैरे?’ नाही. ‘मग पौरोहित्य?’ तेही नाही. वेगवेगळ्या धर्मांतली माणसं काय करतात, कधीपासून करतात, कुणाबरोबर करतात, याचा अभ्यास, असं मी सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि मग तो प्रश्न टाकला, जो मला गेली वीस-बावीस वर्षं कुणी ना कुणी विचारतंच: ‘ते ठीक आहे हो. पण तुम्ही स्वतः देव मानता की नाही?’

मी मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली. हा माझा ठरलेला उपाय. हो म्हणावं तर ‘मग तुमचा अभ्यास कसला, ती भक्तीच’ आणि नाही म्हणावं तर ‘मग तुम्हाला बोलायचा अधिकार काय?’ झुरळांवर पीएचडी करणाऱ्या माझ्या मित्राला असलं काही कुणी विचारत नाही. पण काकांच्या विचारण्यात खोच नव्हती, खरंच कुतूहल होतं. म्हणून पंगतीत जे टाळलं ते इथे सांगतो. थोडं लांबेल.

ही विद्याशाखा तशी फार जुनी नाही. मॅक्स म्युलरने १८७० साली लंडनमध्ये व्याख्यानं देऊन ‘धर्माचं शास्त्र’ होऊ शकतं असं मांडलं. जो एकच धर्म जाणतो तो एकही जाणत नाही, हे त्याचं म्हणणं तिथलंच. ऋग्वेद संपादित करणारा, टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाल्यावर त्यांच्या सुटकेच्या अर्जावर सही करणारा हा माणूस जन्मात कधी भारतात आला नाही. त्याच्या टेबलावर पोथ्या होत्या. पोथीत काय लिहिलंय आणि लोक काय मानतात, एवढं कळलं की धर्म कळला, अशी त्या काळच्या युरोपातली समजूत. तिच्यामागे प्रोटेस्टंट संस्कार होता: ग्रंथ आणि श्रद्धा मुख्य, बाकी कर्मकांड म्हणजे टरफल. काकांचा प्रश्न अस्सल मराठी वाटतो खरा, पण त्याचं आजोळ तिकडे असावं असा मला संशय आहे.

आपल्याकडचा एक माणूस ही विद्या शिकायला थेट ऑक्सफर्डला गेला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. विठ्ठल रामजी शिंदे. जमखंडीचे. १९०१ ते १९०३ ते तिथल्या मँचेस्टर कॉलेजात तुलनात्मक धर्म शिकले. परत येऊन प्रार्थना समाजाचं काम धरलं आणि १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. धर्माची तुलना करायला शिकलेला माणूस थेट अस्पृश्यांच्या वस्तीत शाळा काढतो, या घटनेवर आमच्या विषयात एक अख्खा पेपर लावायला हवा असं मला वाटतं. कोण लावणार? मुळात आपल्याकडे या विषयाचे विभागच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पटियाळाच्या पंजाबी विद्यापीठात १९६७ पासून आहे, शांतिनिकेतनात आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्माचं शिक्षण देता येणार नाही, असं घटनेचं अठ्ठाविसावं कलम सांगतं आणि ‘धर्म शिकवणं’ आणि ‘धर्माविषयी शिकवणं’ यांतला फरक समजावता समजावता आमची निम्मी शक्ती जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हा फरक स्पष्ट केलाय, पण प्रवेशाच्या वेळी पालकांना तो निकाल कसा सांगणार!

असो. ‘मानणं’ या शब्दाकडे येतो.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी एक खेळ देतो. देव हा शब्द घ्या आणि घरी त्याच्याबरोबर कोणकोणती क्रियापदं वापरतात ते लिहून आणा. मुलं पानंच्या पानं भरून आणतात. देव बसतात, देव उठतात. देव घासायचे, उजळायचे, टाक नवे करायचे. देवाला जायचं. देव अंगात येतो, पावतो, कोपतो. देवाचं राहून गेलंय. देवाचं करायला हवं. नवस बोलायचा, फेडायचा, नाही फेडला तर आठवण करून द्यायला देव येतो. एवढ्या यादीत ‘मानणं’ बहुतेक वेळा नसतंच, किंवा अगदी शेवटी सुचलेलं असतं. आपल्या घरांत देव ही आधी कामाची बाब असते. मानता की नाही हा प्रश्न कुणी आजीला विचारला तर ती म्हणेल, सरक, दिवा लावायचाय.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. वीसेक वर्षांपूर्वी चंपाषष्ठीच्या दिवशी मी पुरंदर तालुक्यातल्या एका घरी वही घेऊन बसलो होतो. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून सहा दिवस खंडोबाचं नवरात्र असतं आणि षष्ठीला ते उठतं. चुलीवर वांगी भाजली जात होती. चातुर्मासात वांगं न खाल्लेल्या घरात त्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष चुलीकडे आणि माझं आजीकडे. मी तिला विचारत होतो, हे का, ते का. तळी का भरायची? तिने दोन-तीनदा उत्तर दिलं, ‘आता करायचं असतंय.’ मी वहीत लिहिलं: ‘माहिती देणारीला अर्थ सांगता येत नाही.’ आज ते वाक्य वाचलं की कान गरम होतात.

मग तळी भरायची वेळ झाली. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या, एक रुपया आणि मधोमध भंडाऱ्याची रास. शेजारी दिवटी पेटलेली. तळी पाच पुरुषांनी उचलायची असते. घरात चौघे होते: म्हातारा, दोन मुलगे आणि बांधावरचा शेजारी. धाकटा जावई यायचा होता, त्याची एसटी चुकली होती. आजीने खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. ‘मास्तर, हात धुतलं का?’ मी म्हटलं, हो. ‘मंग या, धरा.’

मी वही खाली ठेवली आणि ताम्हणाची कड धरली. पाच हातांनी ते ताम्हण वर गेलं, ‘सदानंदाचा येळकोट’ झालं, खाली आलं, पुन्हा वर. तीन वेळा. तांब्याची कड थंड होती आणि शेजाऱ्याचा अंगठा माझ्या अंगठ्यावर घट्ट दाबलेला होता, कारण ताम्हण त्याच्या बाजूला कलत होतं. माझ्या कपाळाला भंडारा लागला, खोबऱ्याचा तुकडा हातात आला. मी देव मानतो का, हे त्या घरात कुणी विचारलं नाही. मी मानत नसल्याने तळी बाटेल असंही कुणाला वाटलं नाही. पाचवा हात पाहिजे होता, तो मिळाला आणि पानं वाढायला घेतली. पहिला घास कुत्र्याला गेला, खंडोबाच्या कुत्र्याचा मान म्हणून.

ही गोष्ट मी एका विवेकवादी मित्राला सांगितली तर तो खो खो हसला. ‘म्हणजे तू अक्षरशः धर्माची तळी उचललीस!’ विनोद चांगला होता, आणि त्याचा राग खोटा नव्हता. त्याचं म्हणणं असं की तुम्ही अभ्यासक लोक समजून घेण्याच्या नावाखाली सगळं सोडून देता. याच खंडोबाला मुली वाहिल्या जायच्या, त्यांना मुरळ्या म्हणायचे, त्याचं काय? त्यावर मी त्याला शिंद्यांचीच आठवण दिली. ऑक्सफर्डहून आलेल्या याच माणसाने मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध काम केलं. पुढे १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासींसाठी कायदा झाला, २००५ साली महाराष्ट्राने नवा केला. प्रथेची बारकाईने माहिती असणं आणि तिच्याविरुद्ध उभं राहणं या गोष्टी एका माणसात नांदू शकतात. तो म्हणाला, ‘शिंदे एक होते, तुम्ही बाकीचे?’ या प्रश्नाला माझ्याकडे मठ्ठ्याची वाटीही नव्हती.

खंडोबा मला सोडत नाही त्याचं कारण तो कुठल्याच खणात नीट बसत नाही. पोथीतला मार्तंडभैरव म्हणावं तर धनगराच्या तोंडी तो त्यांच्यातलाच. कर्नाटकात मैलार, तेलुगू मुलखात मल्लण्णा. म्हाळसा नेवाशाच्या वाण्याची, बाणाई चंदनपुरीच्या धनगराची, म्हणजे घरातच दोन जाती आणि त्यांचं भांडण, ज्यावर जागरणात रात्र रात्र गाणी होतात. मुसलमान भक्त त्याला मल्लूखान म्हणत आलेत. गुंथर सोन्थायमर नावाचे जर्मन संशोधक मूळचे हिंदू कायद्याचे अभ्यासक. एकत्र कुटुंबाचा कायदा शोधता शोधता ते धनगरांच्या मागे माळरानात शिरले आणि १९९२ साली जाईपर्यंत बिरोबा, म्हसोबा, खंडोबा यांतून बाहेर पडले नाहीत. आपल्याकडे रा. चिं. ढेऱ्यांनी विठ्ठलाचा माग गवळी-धनगरांच्या देवापर्यंत नेला. इतिहासकार दा. ध. कोसंबींनी पुण्याच्या आसपासच्या वाटांवरचे शेंदूर फासलेले दगड पायी फिरून पाहिले. तिघांनीही पोथ्या वाचल्या होत्या, पण चपलाही झिजवल्या.

तर, इथपर्यंत माझी मांडणी वर्गात छान जमली होती. आपल्याकडे धर्म म्हणजे करणं, मानणं दुय्यम. तळीची गोष्ट सांगितली की पोरं हसायची, मग गप्प व्हायची, आणि माझा तास रंगायचा. अशी बरीच वर्षं गेली.

मग एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. मूळची विदर्भातली, बौद्ध कुटुंबातली. म्हणाली, ‘सर, आमच्या घरात सगळं मानण्यावरच आहे. बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच बघा ना.’ मी बघितली नव्हती असं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना ज्या प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही आणि त्यांची उपासना करणार नाही अशी आहे. मानणं आणि करणं, दोन्ही एका दमात, आणि मानणं आधी. मानायचं नाही असं मोठ्याने म्हणून माणसांनी आपला धर्म घडवला. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात पासष्ट लाखांवर लोकांनी बौद्ध लिहिलं, म्हणजे देशातल्या दर चार बौद्धांमागे तीन इथले. मी ज्याला युरोपातून आलेला प्रश्न म्हणून बाजूला सारत होतो, तो इथे इतक्या घरांत जीवनमरणाचा झालेला होता.

ती एवढ्यावर थांबली असती तर मी सावरलो असतो. ‘शब्दाचा प्रवास’ वगैरे काहीतरी बोललो असतो. पण तिने पुढे विचारलं, ‘आणि सर, त्या घरात चौघेच होते आणि दारात माझे आजोबा उभे असते, तर पाचवे म्हणून त्यांना बोलावलं असतं का? हात धुतले का एवढंच विचारलं असतं?’

पंढरपूरचं देऊळ सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावं लागलं, हे मीच त्यांना आदल्या आठवड्यात शिकवलं होतं. आता मी काहीच बोललो नाही. तासाची घंटा व्हायला वेळ होता, तो तसाच गेला.

काकांना उत्तर द्यायचं राहिलंय. नाही, मी देव मानत नाही. आई गेल्यावर तिचे टाक स्टीलच्या डब्यातून माझ्याकडे आले, ते मी वर्षातून एकदा चिंच लावून घासतो आणि चंपाषष्ठीला भरीत करतो. तळी भरत नाही. हे विसंगत आहे का, असं तुम्ही विचारलंत तर असेल. पण त्या मुलीच्या प्रश्नानंतर मला आपली विसंगती हा काही फार मोठा विषय वाटत नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मी जुनी वही शोधून काढली. पान सापडायला वेळ लागला नाही, कारण तळीनंतर तशाच हातांनी वही उचललेली, कोपऱ्यावर अंगठ्याचा पिवळा ठसा आहे. त्याच्या बाजूला मी तळी उचलणाऱ्यांचा तक्ता आखला होता. क्रमांक, नातं, वय, जात. पहिल्या चार ओळी नीट भरलेल्या, म्हाताऱ्याचं वय अंदाजे असं कंसात लिहून. पाचव्या ओळीत नात्याच्या रकान्यात ‘मी’. पुढे वय लिहिलंय, पण जातीचा रकाना कोरा आहे.