पहिलं पाणी

त्या दिवशी पहाटे साडेपाचला मी गल्लीत पोचले, तेव्हा निंबाच्या पारावर नऊ पोरं दाटीवाटीनं बसली होती आणि प्रत्येकाच्या मांडीवर चहाची एकेक पांढरी बशी होती. पुरतं उजाडलं नव्हतं, पाऊस भुरभुरत होता. ती मधोमध उभी होती. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, काखेत शंभर पानी वही. मला बघून म्हणाली, "सिस्टर, पाच मिन्टं लेट ऊन्यात तुम्ही."

अकरा वर्षांची पोरगी, पाचवीतली. आई निंदणीला जाते, बाप केळीच्या गाड्या भरायला. कुणाची शेळी हरवली, कुणाच्या चपला गेल्या की ही वही घेऊन दारात हजर, म्हणून गल्लीत तिला सगळे सीआयडी म्हणतात. लहान आहे, म्हणून तिचं नाव लिहीत नाही. गावाचंही नाही. अमळनेर-चोपडा पट्ट्यातलं, तापीच्या काठचं गाव आहे, एवढं पुरे.

मी आरोग्यसेविका. उपकेंद्राखाली जी गावं येतात, त्यातलं हे एक. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे खानदेशात कानबाई देवी बसते, सोमवारी तिला नदीवर पोचवतात. त्याआधी घरोघर रंगरंगोटी होते, पुण्या-सुरतेकडचे भाऊबंद घरी येतात, तिच्या नैवेद्याच्या रोटाचं दळण होतं. त्या वर्षी कानबाई उठली आणि दोनच दिवसांत या एका गल्लीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आधी एक म्हातारी, मग तिची नातवंडं, मग समोरचं घर. आठवड्यात सतरा जण. एका पोराचे डोळे इतके खोल गेले होते आणि पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तरी तशीच उभी राहत होती, की त्याला मोटरसायकलवर मधे बसवून ग्रामीण रुग्णालयात न्यावं लागलं. सलाईनवर वाचला.

मी नेमानं सगळं केलं. घरोघर ओआरएस वाटलं, एक पाकीट एक लिटर पाण्यात, चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. लहान मुलांना झिंकच्या गोळ्या, जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण. टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, पडते की नाही ते उभं राहून बघितलं. टाकीजवळच्या नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन ओटी या क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाकले, छान पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन होतं. त्याच नळाचा नमुना जळगावला पाठवला. अहवाल आला: पिण्यास योग्य.

मग पाणी चांगलं तर दोष कशात? गावानं आधीच ठरवलं होतं. गल्लीच्या तोंडाशी एक बाबा पाणीपुरीची गाडी लावतात. सत्तरीचे असतील, एकटे. लोक म्हणाले, त्यांच्याच पाण्यात घाण आहे. ग्रामपंचायतीचे सदस्य आले, आवाज चढले. गाडी बंद करा असं मीच त्यांना सांगितलं. हात जोडून सांगितलं, पण सांगितलं मीच. त्यांनी एक शब्द न बोलता गाडीवर ताडपत्री ओढली आणि दोरी बांधली.

दुसऱ्या दिवशी सर्व्हे करत पोरीच्या घरी गेले. तिचा चौदा महिन्यांचा भाऊ आजारी होता, आई त्याला वाटी-चमच्यानं पाणी पाजत होती. पोरगी ओट्यावरून उठली आणि थेट म्हणाली, "सिस्टर, बाबांनी काहीच चूक नही शे. मना भाऊ पानीपुरी खास का?"

मी म्हटलं, अगं, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातून लागतं कधी कधी.

"मंग वरल्या गल्लीना पोरं रोज खातस. त्यासले काबर नही व्हयनं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनं वही उघडली. एका पानावर अख्खी गल्ली काढली होती: मधे निंब, दोन्ही बाजूंना घरांचे चौकोन, कडेनं गटाराची वाकडी रेघ. जिथं आजारी माणूस, तिथं लाल टिपका. निंबाच्या खालची, नाल्याकडच्या उताराची घरं टिपक्यांनी भरली होती. वरच्या बाजूला एकच टिपका होता आणि त्याच्यासमोर पेन्सिलीनं लिहिलं होतं: "हा रोज मावशीकडे जेवतो." मावशीचं घर शेवटून दुसरं.

आम्हाला प्रशिक्षणात १८५४ ची लंडनची हकिकत शिकवतात. कॉलऱ्यानं माणसं पटापट मरत होती, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी कोण कुठलं पाणी पितं हे विचारत विचारत ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपावर बोट ठेवलं आणि त्याचा दांडा काढायला लावला. ते उत्तर मी परीक्षेत लिहिलेलं होतं. पण माझ्या रजिस्टरमध्ये रुग्ण तारखेनं लिहिले होते. घरांच्या जागेनं ते या पोरीनं लिहिले होते.

पुढच्या पानावर मोठ्या अक्षरात "नीळ" लिहिलं होतं. कानबाईच्या आदल्या संध्याकाळी गल्लीत कुणीतरी चुना-नीळ कालवलेली बादली गटारात धुतली. सकाळी नळ आला तेव्हा हिच्या घरी पहिलं पाणी फिकट निळं आलं. आईनं तिलाच दोन रट्टे दिले, नीळ सांडली म्हणून. मार खाऊन ती रडत बसली नाही, शेजारीपाजारी विचारत फिरली. निळं पाणी फक्त निंबाच्या खालच्या घरांना आलं होतं, आणि तेही थोडाच वेळ. मग स्वच्छ.

"तुम्ही अकरा वाजता येतस," ती म्हणाली. "तव्हय पानी चांगलंच ऱ्हास. पहिलं पानी देखा ना."

मला एकदम लख्ख दिसलं. या गल्लीत चौथ्या दिवशी पाणी येतं. मधले तीन दिवस पाइप रिकामा असतो. वाल बंद झाला की पाणी उताराकडे ओघळून जातं आणि मागे नळीत ओढ तयार होते. पाइपाला कुठं भोक असेल आणि ते गटारात बुडालेलं असेल, तर ती ओढ गटाराचं पाणी आत घेते. त्यात अर्ध्या घरांनी नळालाच मोटर लावलेली, ती आणखी खेचते. पाणी सुटलं की आत साठलेली घाण सगळ्यात आधी बाहेर पडते, आणि आमच्याकडे बाया पहिला हंडा भरतात तो पिण्याचा. मी नमुना घेतला होता तो टाकीजवळचा, वरच्या अंगाचा. तिथं पाणी शुद्धच असणार.

त्याच दिवशी खालच्या सगळ्या घरांना बजावलं की पाणी खळखळून उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावायचं नाही. पोरगी म्हणत होती, परत नीळ टाकू. मी नको म्हटलं. किराणा दुकानातून मिठाईत घालतात ते दोन खायचे रंग आणले, हिरवा आणि लाल. पाण्याच्या आदल्या रात्री आम्ही दोघींनी आणि पाणी सोडणाऱ्या दादांनी निंबापाशी गटारात मातीचा आडवा बांध घातला, म्हणजे वरचं पाणी खाली वाहू नये, आणि बांधाच्या वर हिरवा ओतला, खाली लाल. सकाळी अर्धा तास कुणी पाणी भरू नका, असं घरोघर सांगितलं. काही जण वैतागले. एका काकूंनी तर विचारलं, "सिस्टर, तुम्ही आते पोरीसना आयकतस का?" हो म्हटलं.

सहाला दादांनी वाल फिरवला. पोरं आपापल्या नळाखाली बसली. आधी नुसती हवा, नळ फसफसला. मग गढूळ धार. वरच्या घरांतून आवाज आला: पांढरं, पांढरं. खाली अजून कुणी बोलत नव्हतं. मी पोरीच्या शेजारी उकिडवी बसले होते. तिनं बशी धारेखाली धरली, पाणी तळाशी फिरलं, ते मळकट होतं, आणि मग बशीच्या काठाला, जिथं पाण्याचा थर पातळ होता तिथं, गुलाबी कड दिसली. तिनं बशी कंदिलासारखी वर धरली. मागून शेवटच्या नळावरचं पोरगं किंचाळलं, "लाल! आम्हनं लाल!" मग चार बशा, पाच बशा. हिरवा कुठंच नाही.

म्हणजे भोक निंबाच्या खालच्या अंगाला. तिथं एक पडकं धाब्याचं घर आहे, मालक कधीचाच सुरतेला गेलेला. त्याच्यासमोर गटारावरची फरशी पहारीनं उचलली, गाळ उपसला, तर तळाशी जुन्या नळजोडणीचा गंजका लोखंडी पाइप. घर पडलं तेव्हा नळ काढून नेला आणि पाइपाच्या तोंडात चिंधी कोंबून वरून सायकलची ट्यूब गुंडाळली. चिंधी कुजून गेली होती. तोंड उघडं, गटाराच्या पाण्यात बुडालेलं. इतके दिवस सगळे त्याच फरशीवरून जात-येत होते, मीसुद्धा.

जोडणी मुख्य पाइपापासूनच तोडून तोंड बंद केलं, ते काम दुपारपर्यंत चाललं. लाइन धुतली, टीसीएलची मात्रा वाढवली. चार दिवसांनी मी पावणेसहालाच हजर. गल्लीच्या शेवटच्या नळाचं पहिलं पाणी नळीत घेतलं, ओटीचे थेंब टाकले. टोकाच्या नळाला किमान ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम, क्लोरीन यायला हवं. पिवळा रंग आला. तिनं नळी माझ्या हातातून घेतली, रंगपट्टीला लावून स्वतः बघितली, मग पुन्हा एकदा बघितली.

पण ते नंतरचं. पाइप सापडला त्या सकाळी मी चिखलाच्या हातांनी सरपंचांना फोन लावत होते, तेव्हा तिनं माझी पिशवी धरली.

"आधी बाबाले सांगू."

आम्ही गेलो. बाबा दारात बसून कळण्याच्या भाकरीचा तुकडा ठेच्याला लावत होते. मी सांगितलं, बाबा, गटारातला पाइप निघाला, तुमच्याकडून काही झालं नव्हतं, मी तपास पुरा न करता गाडी बंद करायला सांगितली, माझं चुकलं. गावासमोरही मी हेच सांगणार आहे. ते ऐकत होते की नाही कळेना. हातातला तुकडा तसाच राहिला. मग उठले, लोट्यातल्या पाण्यानं हात धुतले, धोतराला पुसले, गाडीपाशी जाऊन दोरीची गाठ सोडायला लागले. पावसानं गाठ आवळली होती, बोटं थरथरत होती. मी पुढे झाले तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

गाठ सुटल्यावर ते पोरीकडे वळले.

"सकाय बटाटा किती उकडू वं?"

पोरीनं वही उघडली आणि गल्लीतली पोरं मोजायला लागली.