नववीच्या वर्गात विमान उडवताना

सोलापुरात होटगी रोडच्या विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि माझ्या नववीच्या वर्गाचे कान खिडकीला लागले. मुख्याध्यापक म्हणाले, ‘बाई, विमानावर एक जादा तास घेऊन टाका, म्हणजे पोरांचा नाद तरी मिटेल.’ पोरांचा मिटला नाही, मलाच लागला.

तयारीला बसले तर पहिली अडचण पंखाची. वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता पडतो म्हणून ती धावत जाऊन खालच्या हवेला गाठते, असं जुन्या गाईडांत हमखास सापडतं. तशी सक्ती हवेवर कोणी केलेली नाही. उलट वरची हवा आधीच पुढे निघून जाते. मी ते वगळलं. पंख हवा खाली वळवतो, हवा पंखाला वर रेटते. न्यूटनचा तिसरा नियम नववीला पुरतो. जेट इंजिन फक्त पुढे ढकलतं, उचलायचं काम पंखाचं, म्हणून आधी धाव. गोव्याचं एटीआर विमान पंख्याचं आहे यावर मागचा बाक नाराज होता. तो पंखा फिरवायलाही आत टर्बाइनच असतं म्हटल्यावर समजूत पटली.

वर्ग खरा रंगला तो ‘व्ही-वन’वर. या वेगाच्या आत इंजिन बंद पडलं तर उरलेल्या धावपट्टीत थांबता येतं. तो ओलांडला की एका इंजिनावरसुद्धा उडायचंच. हा आकडा दर उड्डाणाला नव्याने काढतात: वजन, वारा, धावपट्टी, तापमान. आता ऊन म्हणजे काय ते सोलापूरच्या पोरांना कुणी सांगायचं! फळ्यावर त्यांच्याकडूनच भागाकार करून घेतला, १५ आणि ४३ अंश केल्व्हिनमध्ये मांडून, २८८ भागिले ३१६. जानेवारीतल्या पहाटेच्या १५ अंशांपेक्षा मेच्या दुपारी ४३ अंशांना हवा सुमारे नऊ टक्के विरळ. पंखाला हवा कमी, इंजिनालाही कमी, धाव लांबते. वर एक इंजिन गेलं तरी पुढचे अडथळे ओलांडता आले पाहिजेत. इथे विमानाच्या वाटेत येते म्हणून २०२३ मध्ये पाडलेली साखर कारखान्याची चिमणी निघालीच. त्यावर प्रत्येकाच्या घरचं मत वेगळं. मी भौतिकशास्त्रापुरतं बोलून पुढे सरकले.

सरळ वर उडणं दाखवायला एका मुलाच्या वडिलांनी यंत्रमागाची धूळ उडवायचा ब्लोअर दिला. तोंड खाली करून तो ताणकाट्याला टांगला आणि चालू केला. वजन घटलं, पण जरासंच. वजनापेक्षा रेटा जास्त नसेल तर पंखाशिवाय काही खरं नाही, हे मला बोलावंच लागलं नाही. मग सरळ वर उडू शकणाऱ्या हॅरियर या लढाऊ विमानाचं चित्र काढलं. त्याच्या पेगासस इंजिनाला फिरणारे चार नोझल; पुढच्या दोनांतून पंख्याची थंड हवा, मागच्या दोनांतून गरम झोत. आपल्या नौदलाकडे सी हॅरियर १९८३ पासून २०१६ पर्यंत होती. पण सरळ वर उडायचं तर इंधन आणि शस्त्रं कमी न्यावी लागतात, त्यामुळे ‘विराट’ या विमानवाहू नौकेवरून ती थोडं धावून पुढच्या चढावरून झेप घेत आणि उतरताना मात्र सरळ खाली येत. एफ-३५बी या लढाऊ विमानात त्यासाठी वैमानिकाच्या मागे वेगळा उचल-पंखाच बसवलाय.

रॉकेटचा भाग मी शेवटी ठेवला होता, नाहीतर बाकीचं कुणी ऐकलं नसतं. सी-१३० हर्क्युलिस या मालवाहू विमानाच्या दोन्ही बाजूंना रॉकेटच्या बाटल्या लावून आखूड पट्टीवरून उडवत. १९५८ मध्ये अमेरिकेने एफ-१०० हे लढाऊ विमान पट्टीशिवाय थेट ट्रेलरवरून रॉकेटने सोडून दाखवलं. उतरायला मात्र धावपट्टी लागायचीच, त्यामुळे ती कल्पना मला कायम अर्धवट वाटते. आपल्या हवाई दलाने पॅकेट या मालवाहू विमानाच्या पाठीवर जादा जेट इंजिन बसवलं, आणि १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर राजे यांनी लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला पाच हजार मीटरच्या वर पॅकेट उतरवलं.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. ‘बाई, मग रॉकेट लावलं असतं तर चिमणी राहिली असती की!’

वर्ग हसला, पण प्रश्न चांगला होता. त्या बाटल्यांचा जोर पंधरा-एक सेकंद टिकतो, घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही. म्हटलं, ‘समजा पेटवलं, आणि व्ही-वनच्या आत इंजिन बंद पडलं. आता ब्रेक लावून दाखव.’

‘नको बाई,’ म्हणाली आणि बसली.