जुना सेट टॉप बॉक्स परत देताना

लेखी पावती हाती पडल्याशिवाय जुना सेट टॉप बॉक्स कोणाच्याही ताब्यात देऊ नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. अलीकडेच सांगलीला आई-बाबांच्या घरी साधा बॉक्स बदलून एचडी बॉक्स बसवला. आलेल्या तंत्रज्ञाने काम नीट केले आणि जाताना जुना बॉक्स, त्याचा अ‍ॅडॅप्टर आणि रिमोट पिशवीत घातला. पावती मागितल्यावर "सिस्टीममध्ये नोंद होते" एवढेच उत्तर मिळाले. मी तेवढ्यावर थांबलो नाही. कंपनीला ईमेल करून बॉक्सचा क्रमांक आणि तो ताब्यात घेतल्याची तारीख लेखी मागवून घेतली, आणि ती मिळालीही. परंतु घरात दोघेच वृद्ध असते, तर हे कोणी केले असते?

बॉक्स बदलण्याची वेळ का येते, हेही समजून घेतले पाहिजे. डिश टीव्हीने २००३ मध्ये आणि टाटा स्कायने २००६ मध्ये सेवा सुरू केली, तेव्हाचे त्यांचे बॉक्स एमपेग-२ पद्धतीचे, म्हणजे चित्र आणि आवाज दाबून कमी जागेत पाठवण्याच्या जुन्या पद्धतीचे, होते. सन डायरेक्टने २००७ मध्ये सुरुवातीपासूनच एमपेग-४ पद्धत वापरली. या नव्या पद्धतीत उपग्रहावरील तेवढ्याच जागेत जवळजवळ दुप्पट वाहिन्या मावतात, पण जुन्या बॉक्सला ते संकेत उलगडता येत नाहीत. म्हणजे अशा बदलाचा मोठा लाभ कंपनीलाही होतो, आणि म्हणूनच परतीची कागदपत्रे पुरवण्याचा भार तिनेच उचलला पाहिजे, असे मला वाटते.

बॉक्स नक्की कोणाचा, हा प्रश्न त्याआधीचा. तो विकत घेतला असेल तर तो ग्राहकाचाच असतो आणि जुना बॉक्स देण्याच्या बदल्यात किमतीत सूट मिळत असल्यास ती बिलावर दिसली पाहिजे. तो भाड्याने किंवा अनामत रकमेवर घेतलेला असेल तर तो कंपनीचा, आणि तेथे पावतीचे महत्त्व दुप्पट, कारण परतीची नोंद राहून गेली तर अनामत अडकते किंवा न परतवलेल्या बॉक्सची रक्कम ग्राहकाच्या नावावर चढू शकते. घरात दोन टीव्ही असतील तर अधिक जपावे. दुसऱ्या टीव्हीचा बॉक्स काढून दिला तरी खात्यावरील ती जोडणी बंद केलेली नसेल तर तिचे पैसे कापले जातच राहतात.

एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालत नाही, कारण प्रत्येकीची वाहिन्या कुलूपबंद करण्याची व्यवस्था वेगळी असते. कोणताही बॉक्स कोणत्याही सेवेवर चालावा, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने एप्रिल २०२० मध्ये केली होती. ती प्रत्यक्षात उतरली तर यातील बरीच ओढाताण टळेल.

रेकॉर्डिंगच्या बॉक्सविषयी मात्र फार कमी जण आधी विचार करतात. आमच्या शेजारच्या काकूंच्या भजनी मंडळाचा सह्याद्री वाहिनीवरील कार्यक्रम त्यांच्या बॉक्सच्या हार्डडिस्कमध्ये होता. हे रेकॉर्डिंग त्याच बॉक्सशी जखडलेले असते. डिस्क काढून संगणकाला जोडली तरी ते उघडत नाही, आणि बॉक्स गेला की तेही जाते. त्यामुळे असे काही मोलाचे असेल तर बॉक्स देण्यापूर्वी वाहिनीकडे किंवा इंटरनेटवर त्याची प्रत शोधावी. अँड्रॉइडवर चालणारा बॉक्स असेल तर गूगल खाते आणि इतर अ‍ॅपमधून बाहेर पडून फॅक्टरी रीसेट करावे, कारण वायफायचा पासवर्डही त्यातच साठवलेला असतो.

छपरावरची छत्री आणि केबल बहुतेक वेळा तशीच राहते, कारण त्याच कंपनीचा नवा बॉक्स तिच्यावरच चालतो.

कंपनीने न नेलेला, स्वतःच्या मालकीचा बॉक्स भंगारवाल्याला देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तांब्यासाठी तारा जाळल्या जातात आणि तो धूर त्याच वस्तीतल्या मुलांच्या छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत सेट टॉप बॉक्सचाही समावेश आहे आणि त्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा आधी कंपनीलाच तो नेण्यास लेखी सांगावे, आणि तिने नकार दिल्यास नगरपालिकेच्या किंवा नोंदणीकृत ई-कचरा संकलनात तो अ‍ॅडॅप्टरसह जमा करावा.