अजून नाही

काल मावशी येऊन गेली. सगळ्या खोल्या पाहून झाल्यावर ती बाहेरच्या कट्ट्यावर टेकली आणि तिने अगदी सहज विचारले, "मग घर पूर्ण कधी झालं गं तुमचं?" नवरा म्हणाला, "चार वर्षं झाली," आणि नेमके त्याच क्षणी माझ्या तोंडून निघून गेले, "अजून नाही." मावशी हसली आणि दुसऱ्याच विषयाकडे वळली. तो हसला नाही. कट्ट्याच्या कडेवर वाळलेला चुन्याचा एक ओघळ तो बराच वेळ नखाने खरवडत बसला होता.

रात्री त्याविषयी आम्ही काहीच बोललो नाही. मी जागी होते आणि मी तसे का म्हणाले, एवढाच प्रश्न मला सुटत नव्हता.

त्याचे उत्तर बरोबर होते. चार वर्षांपूर्वी शेवटच्या खोलीवर छप्पर चढले आणि त्या रात्री पहिल्यांदा घराच्या कोणत्याही भागावर ताडपत्री नव्हती. त्याने मनात ती तारीख धरली असेल, तर त्यात खोटे काय आहे? या मातीच्या भिंतींतला प्रत्येक थर त्याच्या पायांखालून गेलेला आहे. मी "अजून नाही" म्हणाले तेव्हा त्याला काय ऐकू आले असेल, याचा विचार मनात आला की मला अजूनही कसेसे होते. मला तक्रार करायची नव्हती. निदान तसे मी स्वतःला सांगते आहे.

कर्ज न घेता बांधायचे, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवले होते. त्या संध्याकाळी त्याने कागदावर मांडलेला हिशेब मला अजून तोंडपाठ आहे. वर्षाला ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी कर्ज घेतले, तर एकूण फेड मुद्दलाच्या सव्वादोन पटीच्या जवळ जाते. पहिल्या हप्त्यातले जवळपास ८३ टक्के नुसते व्याज असते, आणि मुद्दल निम्म्यावर यायला १४ वर्षे लागतात. तो कागद पाहून मीच आधी म्हणाले होते की आपण एकेक खोली बांधू, जेवढे पैसे हातात असतील तेवढेच काम काढू, आणि पैसे संपले की थांबू.

थांबणे म्हणजे काय, हे मात्र कागदावर नव्हते. पहिल्या खोलीत आम्ही राहायला गेलो तेव्हा दुसरीच्या भिंती कमरेएवढ्या होत्या आणि तशाच त्या दोन पावसाळे राहिल्या. कर्ज काढून बांधणाऱ्यांच्या घरी कर्ज देणाऱ्यांचा अभियंता येतो, जोते झाले, लिंटल झाले, स्लॅब पडला, गिलावा झाला, असे एकेक टप्पे पाहून जातो आणि त्याप्रमाणे पुढची रक्कम सुटते. शेवटचा हप्ता फिटला की तारण ठेवलेली मूळ कागदपत्रे परत मिळतात. त्या लोकांच्या डोक्यावर ओझे असते हे मला कळते. पण त्यांना तारखाही मिळतात, आणि त्या तारखांचा मी काल रात्री अगदी मनापासून हेवा केला. आमच्याकडे कधीच कोणी आले नाही. इथवर झाले, आता पुढे जा, असे आम्हांला कोणी सांगितले नाही. बरोबरीच्या सगळ्यांच्या घरांना वाढदिवस आहेत आणि माझी चाळिशी ताडपत्रीखाली सुरू झाली. बाबांना छप्पर पाहता आले नाही. त्याविषयी आज लिहिणार नाही.

हे सगळे खरे असले, तरी ते अर्धेच आहे. त्या वर्षांत मी नुसती वाट पाहत बसले होते असे लिहिणे हा त्या वर्षांवर अन्याय होईल. बरणीत माती आणि पाणी घालून हलवून ठेवायचे, म्हणजे वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळाला काही तास लागतात आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते; त्या थरांच्या जाडीवरून मातीत वाळू किती मिसळायची, ते मीच ठरवत असे. चिकणमाती जास्त झाली की भिंत वाळताना आक्रसते आणि तडकते, कमी झाली तर गारा धरत नाही. पेंढा घालून तुडवलेला तो गारा पायाला आधी निसरडा लागतो, मग जड होतो, आणि एका क्षणी तो पायापासून सुटायला लागला की समजायचे, तयार झाला. ते त्याच्या आधी मला कळत असे. एका वेळी हातभर उंचीचा थर घालायचा, तो पुरेसा घट्ट झाल्याशिवाय पुढचा घालायचा नाही, नाहीतर खालचा पोट काढतो. भिंतींना पाणी सोसत नाही म्हणून जोते दगडाचे, छपराच्या वळचणी रुंद आणि न्हाणीघर तेवढे विटांचे. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी सोडण्याची जी रचना वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी आपल्याकडे रुळवली, तीच तिथे केली आणि सुमारे पाव विटा वाचवल्या. दारे-खिडक्या जुन्या, मोडलेल्या घरांतल्या. आधी चौकट मिळायची आणि मग तिच्या मापाने भिंतीत जागा सोडायची. म्हणून आमच्या कोणत्याही दोन खिडक्या सारख्या नाहीत आणि मला त्या तशाच हव्या आहेत.

मग मी "अजून नाही" का म्हणाले?

पहाटे कधीतरी मला चुना आठवला. विरवलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवला तर महिनोन्‌महिने मऊ राहतो. भिंतीवर चढला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत तो पुन्हा चुनखडी होऊ लागतो, आणि हे बाहेरून आत इतके सावकाश होते की जाड गिलाव्याच्या पोटात त्याला वर्षे लागू शकतात. म्हणजे आम्ही थापी धुऊन ठेवली तरी भिंतीचे काम थांबलेले नव्हते. माली देशात जेन्ने गावी मातीची मोठी मशीद आहे. आजची वास्तू १९०७ मधली आहे आणि गावातले लोक दरवर्षी एकत्र येऊन तिला मातीचा नवा लेप देतात. तिच्या भिंतींतून ताडाच्या लाकडांचे जुडगे बाहेर आलेले दिसतात, ते शोभेचे असावेत असे मला फोटो पाहून वाटले होते. पण लेप देणारे त्यांवरच पाय ठेवून वर चढतात. बांधणाऱ्यांनी पुढच्या डागडुजीची शिडी भिंतीतच ठेवून दिली आहे. आमच्या पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यानंतर हात लावावा लागतो, तो मी इतकी वर्षे उणेपणा मानत आले. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग बुजवताना दर वेळी मला आपण कुठेतरी चुकलो असे वाटते. कदाचित काल माझ्या तोंडून निघाले ते या भिंतीविषयी असेल. कदाचित नसेलही. घर झाले असे एकदा म्हटले की त्याच्या मागची सगळी वर्षे मिटल्यासारखी होतील, अशी एक भीतीही त्यात होती, असे आता लिहिताना वाटते. ती धड सांगता येत नाही.

सकाळी मी उठले तेव्हा तो माझ्या आधी बाहेर होता. कानावर पेन्सिल, हातात टेप, गुडघ्यावर जुन्या वहीचे पान. मला वाटले, आता कालचा विषय निघणार, आणि मी माफी मागायच्या तयारीने उंबरठ्यापर्यंत गेले. त्याने वर न पाहता विचारले, "काय काय राहिलंय, ते सांग. यादी करू."

मी कितीतरी वेळ उभी राहिले. रात्रभर एवढी वर्षे उगाळली, पण राहिलेले काम विचारल्यावर मला एकसुद्धा सुचेना. कोनाड्याची फळी त्याने मागच्याच महिन्यात बसवली आहे. मोरीचा उतार नीट झाला आहे. माझे बोलणे त्याला लागले नाही असे नाही, लागले आहे, हे त्याच्या मानेवरून मला कळत होते. तरी त्याने त्यातून हेच घेतले होते की काहीतरी करायचे बाकी आहे, आणि ते आपल्याला माहीत नाही.

शेवटी माझी नजर खाली गेली. दारापुढे पायरी म्हणून आम्ही दोन दगड तात्पुरते रचले होते, त्यांतला वरचा डुगडुगतो. पहिल्या खोलीपासून मी त्याच्या डाव्या कडेवरच पाय ठेवते, इतकी वर्षे, न पाहता.

"पायरी," मी म्हणाले.

त्याने उंबरठ्यापासून जमिनीपर्यंत टेप लावला. ४५ सेंटिमीटर भरले. १५-१५ च्या तीन पायऱ्या, असे त्याने लिहिले आणि खाली रेघ मारली.

"दगडाची की विटांची?"

"दगडाची. आणि रुंद कर, मला तिच्यावर बसायचं आहे."

त्याने "रुंद" असे लिहिले. पाण्याखालचा चुना किती उरला आहे ते पाहायला मी मागच्या बाजूला गेले. अर्धे पिंप आहे, पुरेल.